सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतोय : मदरबोर्ड घेण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पतसंस्थेचा पाच वर्षं जुना टॉवर सर्व्हर आहे, वॉरंटी संपली आहे. दोन पॉवर सप्लाय, १६ जीबीच्या चार रॅम, विंडोज सर्व्हर. गेला महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक वेळा दुपारी, तो आपोआप रीस्टार्ट होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी ‘कर्नल पॉवर ४१’ दिसतं आणि त्यातला बगचेक कोड (विंडोज कोसळल्याच्या कारणाचा नंबर) शून्य असतो. एक जण म्हणतो मदरबोर्ड गेला, दुसरा म्हणतो रॅम गेली. आता आधी काय विकत घ्यायचं, हे तुम्हाला कळत नाहीये.

आज काहीच विकत घेऊ नका. कोणता भाग गेलाय हा नंतरचा प्रश्न आहे. रीस्टार्ट व्हायच्या आधीच्या क्षणाला नेमकं काय घडलं, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. ४१ नंबरची नोंद विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर करतं आणि तिचा अर्थ एवढाच की ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो’. घटना घडली तेव्हा विंडोज शुद्धीवरच नव्हतं, मग कारण ते कुठून सांगणार? बगचेक शून्य म्हणजे निळी स्क्रीन दाखवण्याइतकाही वेळ त्याला मिळाला नाही. एक तर वीज तुटली, नाहीतर हार्डवेअरने स्वतःला रीसेट केलं, किंवा मशीन पूर्ण गोठलं आणि कोणीतरी बटण दाबलं. मदरबोर्ड हे या सगळ्यातलं एक छोटं उपकारण आहे. मी वीस वर्षं सहकारी संस्था, दवाखाने आणि कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतोय. पहिल्याच भेटीत ‘मदरबोर्ड’ असा निकाल लागलेली आणि नंतर तो खरा ठरलेली प्रकरणं मी फार थोडी पाहिली आहेत.

तपासाआधी बॅकअप. तो दुसऱ्या मशीनवर घ्या आणि त्यातला एखादा डेटाबेस प्रत्यक्ष रीस्टोर करून बघा. पाच वर्षं अखंड फिरणारी डिस्क एकदा थांबून थंड झाली की पुन्हा उठेलच याची खात्री नसते. तपासात तुम्हाला सर्व्हर चार-पाच वेळा तरी बंद करावा लागेल. सभासदांच्या ठेवींचा हिशेब त्यात आहे, त्यामुळे ही पायरी गाळून पुढे जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हरच्या आत एक वेगळा छोटा संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. डेलमध्ये त्याचं नाव आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी. सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली असेल तोवर हा जागा असतो, कारण तो स्टँडबाय विजेवर चालतो. विंडोजशी त्याचा संबंध नाही. पंख्यांचा वेग, तापमान, व्होल्टेज, रॅमच्या चुका, पॉवर सप्लायची अवस्था हे सगळं तो पाहत असतो आणि काही बिघडलं की स्वतःच्या वहीत नोंद करतो. बहुतेक सर्व्हरला मागे त्याच्यासाठी वेगळं नेटवर्क पोर्ट असतं आणि मी गेलो त्या बहुतेक ठिकाणी त्यात केबलच नव्हती. पासवर्ड बदललेला नसेल तर तो बरेचदा सर्व्हरवरच्या बाहेर सरकणाऱ्या पट्टीवर किंवा स्टिकरवर सापडतो. लॉग वाचायला सहसा वेगळं लायसन्स लागत नाही. काही जुन्या मॉडेलमध्ये ही वही भरली की नवीन नोंदी घेणंच थांबतं. म्हणून आधी सगळा लॉग उतरवून जपून ठेवा आणि मगच वही रिकामी करा. उलट क्रमाने केलंत तर महिन्याभराचा पुरावा पुसला जाईल.

लॉग वाचताना एका गोष्टीत माणसं हमखास चुकतात, ती म्हणजे घड्याळ. बीएमसीचं घड्याळ बरेचदा जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी ३:१० चा रीस्टार्ट तिथे सकाळी ९:४० ला दिसेल आणि तुम्ही म्हणाल, ‘लॉगमध्ये काहीच नाही’. आधी बीएमसीची आणि विंडोजची आत्ताची वेळ शेजारी-शेजारी लिहून फरक काढा.

मग नोंदी बघा. दोन्ही पॉवर सप्लायचा इनपुट एकाच सेकंदाला गेल्याची नोंद असेल तर सर्व्हरचं झाकण उघडूच नका, दोष बाहेर आहे : यूपीएस, विजेचा बोर्ड, वायरिंग, अर्थिंग. एकाच सप्लायचा इनपुट गेला आणि तरीही सर्व्हर पडला, तर दुसरा सप्लाय नुसता दिवा लावून बसलाय, भार उचलत नाही. रॅमची दुरुस्त न होणारी चूक असेल तर पुढे स्लॉटचं नाव असतं. प्रोसेसरने मशीन चेक (हार्डवेअरमध्ये चूक सापडल्याचा इशारा) दिला असेल तर मामला गुंतागुंतीचा आहे; त्यामागे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम किंवा एखादं कार्डही असू शकतं.

आणि लॉग खरंच कोरा निघाला तर? तर बीएमसी स्वतः किती वेळ सलग चालू आहे ते बघा. गेल्या रीस्टार्टच्याच वेळी तोही नव्याने सुरू झाला असेल, तर स्टँडबाय वीजसुद्धा गेली होती, म्हणजे दोन्ही वायरींमधून येणारा करंट तुटला होता. तो मात्र पंधरा दिवस सलग चालू असेल आणि मधल्या काळात सर्व्हर चार वेळा पडला असेल, तर संशय आतल्या भागांकडे वळतो. हा नियम अगदी पक्का नाही; फार क्षणिक झटक्यात सर्व्हर पडतो आणि बीएमसी तगून राहतो असंही होतं. पण फुकटात मिळणारा एवढा चांगला पुरावा दुसरा नाही.

याच्या जोडीला आणखी एक चाचणी मी नेहमी करतो. वीज जाऊन परत आल्यावर सर्व्हरने काय करायचं, याची एक सेटिंग बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) असते : आपोआप चालू व्हायचं, आधीच्या अवस्थेत जायचं, की बंद राहायचं. काही दिवस ती ‘बंद राहा’वर ठेवा. पुढच्या वेळी सर्व्हर पडून बंदच राहिला, तर बहुतेक मॉडेलमध्ये त्याचा अर्थ बाहेरची वीज तुटली. तरीही तो आपोआप उठला, तर रीसेट आतून झाला. तुमचं कामकाज ऑफिसच्या वेळेतच चालतं, त्यामुळे कोणीतरी जाऊन बटण दाबण्याची गैरसोय सोसण्यासारखी आहे. चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याला मी हे सांगितलं नसतं.

एक वहीही घाला. पडल्याची वेळ, त्या मिनिटाला लाइट होती का, जनरेटर चालू होता का, एसी चालू झाला का, कोण काय छापत होतं. हे क्षुल्लक वाटेल. मला त्याची किंमत एका दूध संघात कळली.

तिथला सर्व्हर महिन्यातून तीनदाच पडायचा, १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास. दूध उत्पादकांची दहा दिवसांची बिलं निघतात ते हे दिवस. सगळ्यांचा निष्कर्ष एकच : बिलांचा लोड आला की प्रोसेसर तापतो आणि बोर्ड दगा देतो. मी जाण्याआधी बोर्ड बदलूनही झाला होता आणि पुढच्या ११ तारखेला सर्व्हर पुन्हा पडला. मी बसून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की त्या दिवशी दोन गोष्टी एकदम होतात. सर्व्हर बिलांचा हिशेब करतो आणि शेजारच्या टेबलावरचा मोठा लेझर प्रिंटर शेकडो पानं छापतो. दोन्ही वेगळं करून बघायचं ठरवलं. आधी छपाई न करता नुसती बिलं काढली. प्रोसेसर तासभर पूर्ण भाराने चालला, काही झालं नाही. मग सर्वांना लॉगआउट करायला लावलं, सर्व्हर रिकामा ठेवला आणि नुसता प्रिंटर चालवला. थंड प्रिंटर तापायला लागला तसा यूपीएस एकदा ‘टीक’ करून वाजला आणि सर्व्हरचे पंखे एकदम मोठ्याने घोंगावले. रीस्टार्ट होताना येतो तोच आवाज. टेबलाखाली वाकून पाहिलं, तर प्रिंटरची वायर यूपीएसच्याच बोर्डवर होती आणि सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लायही त्याच एका एक्स्टेंशन बोर्डवर. लेझर प्रिंटरचा कागद तापवणारा भाग सुरू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो. चार वर्षं जुन्या बॅटऱ्यांच्या त्या यूपीएसला तो झेपत नव्हता. प्रिंटरची वायर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावली आणि काम झालं. नवा मदरबोर्ड मात्र घेऊन झाला होता.

तुमच्याकडे म्हणूनच मी पहिली नजर विजेकडे टाकेन. दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या वाटांनी वीज घेत असतील तरच त्या दोनाचा उपयोग. एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या सर्किटवर, जमलं तर दुसऱ्या यूपीएसवर असावा. बॅटऱ्यांचं वय विचारा. यूपीएसमधल्या सीलबंद बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं चालतात. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना त्यांचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, आणि आपल्याकडे यूपीएस बहुतेक ठिकाणी जिन्याखाली नाहीतर बंद कपाटात ठेवलेला असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण भारावर सर्व्हरचा पॉवर सप्लाय बाहेरून काही न मिळता साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी वेळ तग धरतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला यूपीएसला लागणारा वेळ याच्या आत बसला नाही, तर खोलीतला बल्ब लुकलुकलेलाही दिसणार नाही आणि सर्व्हर पडलेला असेल. बॅकअप झाल्यावर, संध्याकाळी सगळे लॉगआउट झाल्यावर, विंडोज बंद करून सर्व्हर नुसता बायॉसच्या स्क्रीनवर ठेवा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. बायॉसमध्ये भार कमी असतो, त्यामुळे यात पास झाला म्हणजे यूपीएस निर्दोष असं नाही. पण यातही पडला, तर पुढे शोधायची गरज उरत नाही.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तेही सगळं चालू असताना. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की मी बाकीचा तपास थांबवतो आणि आधी ते दुरुस्त करायला सांगतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुपारचीच वेळ का, याचं दुसरं संभाव्य उत्तर उष्णता. पण उष्णतेने सर्व्हर सहसा असा अचानक उडत नाही. आधी पंखे ओरडायला लागतात, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, लोक ‘सॉफ्टवेअर स्लो झालंय’ म्हणतात. तरीही तापत राहिला तर तो बंद होतो आणि बहुतेक वेळा बंदच राहतो. तुमचा आपोआप उठतो, म्हणून मी उष्णतेला दुसऱ्या नंबरवर ठेवतो. तरी समोरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बीएमसीमध्ये बघा. १८ ते २७ अंश ही अमेरिकेतल्या ‘ॲशरे’ या संस्थेने सुचवलेली पट्टी आहे. दुपारी तिथे ३८ दिसत असेल तर आजच्या रीस्टार्टचं कारण ते असो वा नसो, खोलीचं काहीतरी करायलाच हवं. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना लाइनवर झटका येतो हेही वहीत टिपा. दुपारचं कारण उष्णता नसून एसीच असू शकतो.

आता रॅम. सर्व्हरच्या रॅममध्ये डेटाच्या ६४ बिट्समागे तपासणीचे ८ बिट्स जास्तीचे असतात. त्यामुळे एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते, दोन बिट्सची चूक पकडली जाते पण दुरुस्त होत नाही, आणि तेव्हा मशीन पडतं. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांमध्ये अशा दुरुस्त होणाऱ्या चुका दिसल्या होत्या. म्हणजे लॉगमध्ये एखादी दुरुस्त झालेली चूक सापडली म्हणून लगेच रॅम फेकायची नसते. तोच स्लॉट पुन्हा पुन्हा येत असेल आणि आकडा वाढत असेल, तर मात्र हात घाला. रात्रभर मेमरी टेस्ट चालवून ‘पास’ आलं म्हणजे रॅम चांगली, असंही धरू नका. दुरुस्त होत राहिलेल्या चुका तो टेस्ट बरेचदा दाखवतच नाही.

स्लॉटचं नाव मिळालं, की ती पट्टी आणि दुसऱ्या चॅनेलमधली (प्रोसेसरला वेगळ्या वाटेने जोडलेल्या स्लॉटमधली) चांगली पट्टी यांची अदलाबदल करा, बाकी कशाला हात लावू नका. चूक पट्टीबरोबर नव्या जागी गेली तर पट्टी खराब. चूक जुन्याच स्लॉटवर राहिली तर पट्टी निर्दोष आहे. एका सूतगिरणीच्या ऑफिसात चूक अशी स्लॉटवरच चिकटून राहिली आणि ‘आता तर बोर्डच’ असं सगळे म्हणाले. पण रॅमचं नियंत्रण प्रोसेसरच्या आत असतं, म्हणून मी प्रोसेसर काढला आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून सॉकेटमध्ये पाहिलं. हजारो बारीक पिना एका तिरपेत चमकत होत्या आणि त्यांत एकच पिन चमकत नव्हती. उभ्या पिकात एकच ताट आडवं व्हावं, तशी ती शेजारणीवर कलली होती. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलताना कोणीतरी प्रोसेसर तिरका ठेवला असणार. भिंगाखाली सुईने ती सरळ केली. चूक पुन्हा आली नाही.

रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. सर्व्हरला तसं करू नका. सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरे आहे. पट्टी काढून नुसती पुन्हा नीट बसवली तरी कित्येकदा भागतं. हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि वायर काढल्यावर दिवे पूर्ण विझू द्या.

डिस्कबद्दल थोडंच, कारण डिस्कमुळे सर्व्हर सहसा रीस्टार्ट होत नाही. तो अडकतो, हळू होतो. पण पाच वर्षांच्या डिस्क आहेत, म्हणून रेडच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याच्या व्यवस्थेच्या) सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकीची अवस्था बघून घ्या. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, सगळं ठीक दिसतंय यावर विसंबू नका. गूगलच्याच २००७ सालच्या अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. सीआरसीचा, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर आधी केबल बघा. आणि डिस्क काढायची वेळ आली, तर सॉफ्टवेअरमधून तिचा दिवा लुकलुकवून, नंबर दोनदा पडताळूनच काढा. रेड ५ मध्ये, जिथे एकच डिस्क गेलेली चालते, एक डिस्क गेलेली असताना चुकून चांगली डिस्क ओढली, तर सगळंच बसतं.

इतकं करूनही काही हाती लागलं नाही, तर सर्व्हर कमीत कमी भागांवर आणा : एकच पॉवर सप्लाय, प्रोसेसर चालायला लागेल तेवढी कमीत कमी रॅम, जास्तीची कार्डं बाहेर. पहिला सप्लाय काही दिवस, मग दुसरा काही दिवस. यातूनही बोर्डच उरला तर तो बदलावा लागेल. बायॉस आणि फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटही करा, पण लॉग उतरवल्यानंतर, आणि ते वेगळा बदल म्हणून वहीत लिहून.

‘काही दिवस’ म्हणजे किती, हे तुमच्या बाबतीत मोजता येतं. आठवड्याला सरासरी अडीच रीस्टार्ट धरा आणि ते अगदी बेताल होतात असं माना. मग कशालाही हात न लावता एक आठवडा शांत जाण्याची शक्यता बारातून एक असते. दोन आठवडे शांत जाण्याची शक्यता शंभरातून एकाहूनही कमी. म्हणून रॅम बदलली आणि चार दिवस काही झालं नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. एक बदल, मग दोन आठवडे थांबणं, मग पुढचा बदल. व्यवस्थापक मंडळाला हे संथ वाटेल. पण एका दिवसात रॅम, सप्लाय आणि पंखा तिन्ही बदललेत आणि महिन्याने तो पुन्हा पडला, तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच असाल, फक्त पैसे गेलेले असतील.

तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात : बीएमसीच्या लॉगमधल्या गेल्या महिन्याभराच्या ओळी, बीएमसी किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बसवल्या ती तारीख, आणि सर्व्हरच्या मागच्या दोन्ही वायरी कुठे जातात त्याचा फोटो. वायरींचा माग भिंतीतल्या सॉकेटपर्यंत काढा; अर्ध्यात टेबलाखाली हरवतात. लॉग पाठवताना त्यातले आयपी पत्ते आणि संस्थेचं नाव झाका, आणि सर्व्हरच्या पट्टीवरचा पासवर्ड फोटोत येणार नाही हे बघा.